झिबलजीचं बोट

झिबलजी भोयर मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा वाट पाहत बसतो की आता याच्या डोळ्यांत पाणी येईल, मग येईल. येणार नाही. माणूस वाईट होता. तोंडानं वाईट, नजरेनं वाईट, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं तर महावाईट. नावातला 'जी'सुद्धा मी आदरानं लावत नाही. आमच्या नागपूरकडे तो नावासोबतच उगवतो, उपटून काढता येत नाही.

कळमेश्वरच्या पुढे आमचं गाव. तिथं माझं सहा एकर वावर, आणि मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध, सोडून लागूनच झिबलजीचं चार एकर. मी नागपुरात सक्करदऱ्याला राहतो, पाच दिवस कचेरीत कारकुनी करतो आणि शनिवार-रविवार शेतकरी होतो. झिबलजी सातही दिवस शेतकरी होता आणि आठव्या दिवसाची सोय नाही म्हणून देवावर चिडलेला होता. मला तो नावानं हाक मारत नसे. "काय गा सक्करदरा!" म्हणायचा. गावातल्या लहान पोरांना माझं खरं नाव सक्करदराच वाटतं. एका पोरानं मला लग्नपत्रिका दिली, तिच्यावरसुद्धा 'श्री. सक्करदराभाऊ' लिहिलं होतं.

आता ते बोट. ते बोट नव्हतं, पहार होती. लांबीला वीतभर असेल. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी मोजायला गेलो नाही. नखात बारा महिने काळी माती. पेरणीच्या दिवसांत हा माणूस कोणाच्याही वावरात न विचारता शिरायचा, उकिडवा बसायचा, तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, बोट खुपसायचा आणि बी कुठं पडलं ते पाहायचा. बोटाच्या दुसऱ्या पेराच्या आत बी लागलं तर उठून चालू पडायचा. चांगलं म्हणायची पद्धत त्याच्या घराण्यात नव्हती. पण बी त्याखाली गेलेलं असलं की संपलं. मग तो तिथंच उभा राहून आवाज चढवायचा, आणि त्याचा आवाज असा की तो आमच्या गावात बोलला की काटोल रोडवरचे ट्रक बाजूला होऊन साइड द्यायचे.

बोटाच्या जोडीला एक काठी होती, बरोबर मीटरभर लांब. ती तो तासाच्या बाजूला ठेवून झाडं मोजायचा. स्वतःची मोजायचा ते ठीक. माझीही मोजायचा. आणि मोजून चहाच्या टपरीवर जाहीर करायचा.

"सक्करदऱ्याच्या वावरात मीटरभरात बावीस झाडं आहेत. पोराईची शाया भरवली काय गा?"

"जास्त पेरलं तर जास्त पिकेल, झिबलजी," मी म्हणालो.

"असं काय? मंग एसटीत दोनशे मानसं कोंबली तं एसटी नागपूरले लवकर पोचते काय?"

टपरी हसली. टपरीचं काम हसणं. पण बावीस झाडं एकमेकांच्या डोक्यावर चढली, खालची पिवळी पडली, आणि त्याच्या विरळ पेरलेल्या वावरात एकेका झाडाला बगलेबगलेतून शेंगा लटकल्या. माझ्या एकरात जेवढी पोती निघाली, त्याच्या दुप्पट त्याच्या एकरात. हे मी त्याची स्तुती म्हणून लिहीत नाही. हा पुरावा आहे, तो आम्हाला कसा छळत होता याचा.

एका वर्षी माझं सोयाबीन जरा फिकट दिसलं म्हणून मी युरिया टाकला. सगळं गाव टाकतं. झिबलजी धुरा ओलांडून आला, माझं एक झाड मुळासकट उपटलं, खात्री व्हावी म्हणून आणखी एक उपटलं. मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. त्यातली एक त्यानं नखानं फोडली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"पाह्य. आतून लाल आहे. याले जे लागते ते हे मुयावरच बनवून राह्यलं. घरून डबा घेऊन आलेलं लेकरू आहे, अन् तू त्याले हॉटेलात घेऊन चालला."

"मले हिरवं आवडते," मी चिडून म्हणालो.

"हिरवं पाह्याचं असन तं तुमच्या सक्करदऱ्याच्या तलावावर जाऊन बस. तिथं शेवाळ आहे, फुकटचं."

त्या वर्षी माझी झाडं छातीला लागली. पाहुणे फोटो काढायला यायचे. शेंगा शोधायला मात्र चष्मा लागला, आणि दसऱ्याच्या आधी अर्धं वावर लोळलं. झिबलजी महिनाभर टपरीवर ज्याला त्याला सांगत होता की सक्करदऱ्यानं यंदा चाऱ्याचं सोयाबीन लावलं.

माणसाशी असं वागणारा हा प्राणी बियाण्यासमोर मात्र सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयासारखा जपून वागायचा. सोयाबीनचं बी म्हणजे पापड, असं त्याचं म्हणणं. साल पातळ, कोंब सालीच्या लगेच आत. पोतं उंचावरून टाकलं की वरून दाणा तसाच टुमटुमीत दिसतो, आत कोंब मेलेला. म्हणून त्याच्या घरात घरच्या बियाण्याची थप्पी पाच पोत्यांवर चढत नसे, आणि थप्पीला घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात हवेशीर खोली, जिथं दुसऱ्या कोणी पोरांना झोपवलं असतं.

त्याच खोलीत एकदा त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले. बसायला दुसरी जागा नव्हती. सतरंजीवर सगळे बसले, पण मुलाचे वडील गुडघ्यांनी त्रासलेले. ते सरळ थप्पीवर बसले. वजनाला ते दीड क्विंटल असतील. दोन म्हणा. पोहे आले, मुलगी आली, खाली मान घालून उभी राहिली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "बाई, नाव काय तुझं?" आणि तिनं तोंड उघडायच्या आत तिच्या बापाचा आवाज आला:

"उठा जी."

"आं?"

"उठा म्हन्लं. तुमच्या बुडाखाली माह्या शंभरातले चाळीस दाने मरून राह्यले!"

सोयरीक तिथंच मोडली. पुढे मुलगी दिली ती एका सडपातळ घराण्यात. ही गोष्ट गावात सगळे हसत सांगतात, मीही सांगतो. फक्त झिबलजीची बायको गिरजाकाकू हसत नाही. पाहुणे गेल्यावर पोरगी दोन दिवस जेवली नाही, एवढं तिनं एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं.

आता ज्या वर्षामुळं हे सगळं लिहायला बसलो, त्या वर्षाकडे येतो.

त्या हंगामात झिबलजीला एका एकरात नवा वाण लावून पाहायचा होता आणि मला सहाही एकरांत. आम्ही एकाच दुकानातून, एकाच लॉटचं बियाणं घेतलं आणि माझ्याच टेम्पोतून आणलं. तो पुढं माझ्या शेजारी बसला नाही. मागं बियाण्याजवळ बसला. प्रत्येक खड्ड्याला मागून आवाज: "हळू बे!" टेम्पोवाला मला नंतर म्हणाला, "भाऊ, यापेक्षा बाळंतीण नेलेली परवडली." घरी येऊन झिबलजीनं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि चार-पाच दिवसांनी टपरीवर कोंब मोजून दाखवले. बियाणं चांगलं निघालं. मी म्हणालो, मग काय, लागा कामाला.

पेरणीच्या वेळी आठवडाभर पावसानं दडी मारली होती. वरची माती सुकली, खाली ओल. अशा वेळी आमच्या गावाला एक अक्कल सुचते, आणि सगळ्यांना एकदमच सुचते: ओल खाली आहे, तर बीही खाली टाका. मोरेश्वरकडे नवा ट्रॅक्टर आला होता. त्यानं पेरणीयंत्राचे फण असे दाबले की जणू विहीर खोदायची आहे. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो होतो. तेवढ्यात धुऱ्यावरून आवाज आला.

"मोऱ्या! फन वर घे बे! खोल चालले!"

मोरेश्वरनं माझ्याकडे पाहिलं. मी ओरडलो, "झिबलजी, तुमचं वावर तिकडं आहे!"

मोरेश्वर हसला, मी हसलो. झिबलजी थोडा वेळ तिथंच उभा होता. मग गेला. ट्रॅक्टर त्याच फणांनी माझं वावर करून पुढच्याकडे गेला, त्याच्यापुढच्याकडे गेला, अठरा घरांची वावरं पेरून आला. दोन दिवसांनी एक झोडपून काढणारा पाऊस झाला, मग कडक ऊन पडलं, आणि काळ्या मातीवर पापुद्रा धरला. असा पापुद्रा की त्यावरून म्हैस चालली असती तर खूर वाजले असते.

दहा दिवस झाले. माझ्या सहा एकरांत उगवलं ते फक्त गवत. अठरा घरांत तेच.

गाव माझ्या ओसरीवर आलं. कचेरीत असल्यामुळं अर्ज लिहिणं माझ्याकडे. बियाणं बोगस आहे, पंचनामा करा, भरपाई द्या. सरकारी मराठीत मी असा रडलो की तो अर्ज वाचून तालुक्याच्या शिपायानं डोळे पुसले म्हणतात. अठरा सह्या झाल्या. मोरेश्वरचा ट्रॅक्टर, दबलेले फण, मडगार्डवरचं हसणं, यातलं काही अर्जात नव्हतं. अर्ज म्हणजे काय कीर्तन आहे, की सगळं सांगावं?

समिती आली. एक कृषी अधिकारी, एक शास्त्रज्ञ, एक बियाणेवाल्यांचा माणूस, ज्याचे बूट आमच्या चिखलाला घाबरत होते. सगळं गाव माझ्या वावरात जमलं. झिबलजीला आम्ही निरोप धाडला होता: तुमचं काही गेलं नाही, तुम्ही येऊ नका. म्हणूनच तो आला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "पेरणी किती खोल केली होती?"

मोरेश्वर म्हणाला, "बरोबर केली सायेब. नेहमीसारखी."

मी म्हणालो, "अगदी शास्त्रोक्त."

झिबलजी उकिडवा बसला. तासात बोट घातलं. पहिलं पेर गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, सगळं बोट मुठीपर्यंत गेलं, आणि मग त्यानं खालून एक कुजलेला, फुगलेला दाणा काढून अधिकाऱ्यांच्या हातावर ठेवला.

"सायेब, सोयाबीन पेरतेत. मढं पुरतेत. या मानसानं काय केलं ते तुमी ठरवा."

मोरेश्वर पुढे सरकला, "ओ म्हाताऱ्या, तुले कोनं बोलावलं?"

"तुह्या फनानं," झिबलजी म्हणाला, आणि समितीला धुऱ्यापलीकडे घेऊन गेला. तिथं त्याच्या एका एकरात त्याच लॉटचं बियाणं चार बोटं वर आलं होतं, ओळीत, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखं. त्यानं पिशवीवरचं लेबल जपून ठेवलं होतं. मूठभर बियाणंही ठेवलं होतं. अधिकाऱ्यांनी माझ्या पिशवीवरचा नंबर पाहिला, त्याचा पाहिला, आणि वहीत काहीतरी लिहिलं. बियाणेवाल्यांच्या माणसानं झिबलजीला नमस्कार केला. झिबलजी त्याला म्हणाला, "मले नको करू. पोते फेकनाऱ्या हमालांले शिकव जाऊन."

अर्ज निकालात निघाला. 'पेरणी अयोग्य खोलीवर झाल्याचे आढळले.' अठरा घरं.

खरं होतं. मी नाही म्हणत नाही. पण खरं असलं म्हणून काय झालं? खरं तर आम्हालाही माहीत होतं. ते गावाबाहेरच्या माणसासमोर, वहीत लिहिलं जाईल असं बोलायचं नसतं, एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही, त्याला नुसती बियाण्याची अक्कल असून काय उपयोग?

आम्ही उसनवारी करून, लवकर येणारा वाण मिळेल तिथून आणून दुबार पेरणी केली. आणि झिबलजीशी वागणं बदललं. कोणी बैठक घेतली नाही, कोणी ठरवलं नाही. टपरीवर तो आला की कप संपलेले असायचे. चक्कीवर त्याचं दळण आलं की पट्टा तुटायचा. मोरेश्वरच्या ट्रॅक्टरला त्याच्या वावराचा रस्ता सापडेनासा झाला. झिबलजी वाकला नाही. उलट दुप्पट ओरडू लागला. आमच्या दुबार पेरलेल्या तासांत बोट खुपसून "आता बरोबर आहे, अक्कल आली, पन नुकसान झाल्यावर आली" असं धुऱ्याधुऱ्यावरून सांगत फिरायचा. एखादा दुसरा असता तर घरात बसला असता.

गावात खरं बोलणाऱ्याला कोणी मारत नाही. फक्त त्याचं पीक कापत नाही.

सोयाबीन म्हणजे तूर नव्हे की उभी राहिली तर राहिली. पानं गळाली, शेंगा तपकिरी झाल्या की हातात चार-सहा दिवस असतात. मग दुपारच्या उन्हात शेंग तडकते आणि दाणे मातीत. कापायला हात लागतात. आमच्या गावची जवान पोरं कळमेश्वरच्या कारखान्यांत, त्यामुळं कापणीचं सगळं राज्य शेवंताबाईचं. सोळा बायकांची टोळी, आणि टोळीची मालकीण शेवंताबाई, जिच्या एका नकारावर या गावात सरपंच पडलेले आहेत. झिबलजीशी तिचं जुनं वैर. तो म्हणायचा, दव असताना पहाटे या, म्हणजे शेंगा फुटत नाहीत. ती म्हणायची, आमच्या चुली तू पेटवतं का? शिवाय दुबार पेरणीच्या अठरा घरांत तिचंही घर होतं.

झिबलजी तिच्याकडे गेला. तिनं दार लोटलं. त्यानं छिंदवाड्याकडून मजूर बोलावले. ते फाट्यावर उतरले, आणि फाट्यावरच कोणीतरी त्यांना दुसरं जास्तीचं काम देऊन घेऊन गेलं. कोण ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. मग तो आणि गिरजाकाकू दोघंच विळे घेऊन वावरात उतरले. तो सत्तरीच्या पलीकडचा, तिची कंबर गेलेली. चार दिवसांत त्यांनी एक एकर कापलं. तीन उभे.

माझं वावर त्याच दिवसांत तयार झालं होतं, म्हणून मी कचेरीतून आठवड्याची सुटी काढली होती. शेवंताबाईची टोळी माझ्याकडे. माझ्या कापणीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी धुऱ्यावर बसून खर्रा, म्हणजे आमच्याकडची घोटलेली तंबाखू-सुपारी, खात होतो, आणि मला आवाज ऐकू आला. तड. तड-तड. मग सगळीकडून. उन्हात त्याच्या तीन एकरांतल्या शेंगा तडकत होत्या. लाखो शेंगा. कढईत फोडणी दिल्यासारखा आवाज, आणि मधे कुठंतरी ते दोघं वाकलेले. गिरजाकाकू कापत होती, आणि हा माणूस जमिनीवरचे दाणे वेचून टोपीत टाकत होता. तीन एकरांतले दाणे. टोपीत.

मी शेवंताबाईला म्हणालो, "उद्या त्याच्याकडे जा."

"काहून?"

"तो आवाज डोक्यात जाऊन राह्यला माह्या. कापून टाका, बंद होईन."

"पहाटेला येतो म्हना," ती म्हणाली. "पन एक अट आहे. म्हाताऱ्यानं दिवसभर तोंड उघडाचं नाही. एक शबूद बोलला का आम्ही विळे टाकून वापस."

मी निरोप सांगितला. मला वाटलं, झालं, आता तो मला आणि शेवंताबाईला एकाच शिवीत गुंडाळेल. त्यानं वावराकडे पाहिलं. गिरजाकाकूकडे पाहिलं. ती कमरेवर हात देऊन उभी होती आणि ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली: "हो म्हना. एक दिवस. माह्यासाठी."

त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, दव पडलेलं असताना, सोळा बायका आल्या. झिबलजी माझ्याजवळ आला आणि हात पुढे केला. मला कळेना. त्यानं माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. जन्मात सुपारीचं खांड न खाल्लेल्या, वावरात थुंकणाऱ्याला काठीनं हाकलणाऱ्या त्या माणसानं माझी खर्ऱ्याची अख्खी पन्नी तोंडात रिकामी केली आणि गाल फुगवून धुऱ्यावर उभा राहिला.

बायकांनी काय केलं नसेल! पहिली ओळ नीट कापली. मग शेवंताबाईनं एक झाड विळ्यानं न कापता मुळासकट उपटलं, माती झाडली नाही, तसंच ढिगावर फेकलं, आणि त्याच्याकडे पाहिलं. झिबलजीच्या मानेची शीर अशी फुगली की मला वाटलं फुटते. बोलला नाही. दुसरीनं हातभर उंचावरून कापलं, खालच्या शेंगा खुंटालाच राहिल्या. बोलला नाही. तिसरी ढिगावर बसली. सोयाबीनच्या ढिगावर, बुड टेकून! पोरीच्या होऊ घातलेल्या सासऱ्याला उठवणारा माणूस. त्यानं डोळे मिटले.

"काहून बुवा," एकीनं हाक दिली, "आज उपास हाय का बोलन्याचा?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. खर्ऱ्यानं त्याला घेरी येत होती, घाम सुटला होता, पण त्यानं थुंकलं नाही, कारण थुंकलं असतं तर तोंड रिकामं झालं असतं. दहाच्या सुमारास त्या बायकांचंही मन भरलं. त्या मुकाट्यानं, नीट, जमिनीलगत कापू लागल्या. दुपारच्या आत तीनही एकर आडवे झाले होते. आवाज थांबला.

शेवंताबाई पदरानं तोंड पुसत त्याच्यासमोर उभी राहिली. "बोला आता. झालं."

त्यानं वाकून खर्रा थुंकला. चूळ भरली. आम्ही सगळे थांबलो होतो. सोळा बायका, गिरजाकाकू आणि मी. मी तर छाती पुढे काढून उभा होतो. सकाळपासूनचं सगळं तुंबलेलं आता येणार, आणि येऊ दे, असं मला वाटत होतं.

"लय उपकार झाले बाई," तो म्हणाला.

एवढंच. हळू आवाजात. शेवंताबाई काहीतरी ऐकायला उभी राहिली होती ती तशीच राहिली, आणि मग बायका आपले डबे उचलून निघून गेल्या.

संध्याकाळी तो धुऱ्यापर्यंत आला. मी दुपारनंतर माझ्या आधीच कापून वाळलेल्या सोयाबीनची गंजी रचली होती. कुठं रचली होती? वावराच्या सगळ्यात खोल जागी, कारण तिथून रस्ता जवळ आणि मळणीयंत्र लावायला सोपं. खाली ना ताडपत्री, ना कपाशीच्या पऱ्हाट्या. शेंगांची टोकं बाहेर. पश्चिमेला ढग काळे झालेले. पहिलीतल्या पोरानं केली नसती अशी ती गंजी होती, आणि मला ते माहीत होतं.

झिबलजी गंजीकडे पाहत राहिला. ढगांकडे पाहिलं. परत गंजीकडे.

"कशी लावली?" मी मुद्दाम विचारलं. मोठ्यानं विचारलं.

त्याचे ओठ हलले. मी वाट पाहिली. या माणसानं मला आयुष्यभर जेवढा ताप दिला, त्या सगळ्या तापाची शपथ घेऊन सांगतो, मी त्याच्या शिवीची वाट पाहिली.

"चांगली लावली," तो म्हणाला.

मी जन्मभर थापा मारत आलोय. या लेखातही दोन-चार असतील. त्यामुळं खोटं मला वासावरून कळतं. झिबलजी भोयरच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच खोटं असावं, कारण त्याला ते नीट बोलताही आलं नाही. आवाज मधेच चिरकला.

मळणी झाल्यावर त्यानं वावर मक्त्यानं दिलं आणि ते दोघं मुलीकडे राहायला गेले. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. त्या संध्याकाळचं तेवढं शेवटचं.

त्या संध्याकाळी तो धुऱ्यावरून परत फिरल्यावर मी ती गंजी मोडायला घेतली. एकट्यानं, कवेत भरून भरून, वरच्या उंच जागी. त्याला शिव्या देत, मोठ्या आवाजात, त्याच्या सात पिढ्या काढत, म्हणजे त्याच्यापर्यंत जाव्यात अशा. तो आपल्या आडव्या पडलेल्या वावराच्या टोकाला पाठमोरा उभा होता. अंतर असं नव्हतं की ऐकू जाणार नाही. मी एक खेप आडवी ठेवली, चुकीची, मुद्दाम, आणि थांबलो. आणखी एक तशीच ठेवली.

तो वळला नाही.